विश्लेषण : ‘वसाहतीचे स्वराज्य’ परत करणारा देश… न्यूफाउंडलंडची लोकशाही नेमकी कोणी बुडवली?

१९२८ च्या नेहरू अहवालाने भारतासाठी ‘वसाहतीचे स्वराज्य’ मागितले होते. म्हणजे कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियासारखा डोमिनियनचा दर्जा. ते मिळेना, म्हणून १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. पुढे १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेने वेस्टमिन्स्टरचा कायदा केला. त्यात या दर्जाच्या सहा देशांची नावे आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड ही पाच ओळखीची. सहावे नाव न्यूफाउंडलंडचे.

उत्तर अटलांटिकमधील या बेटाने तीन वर्षांच्या आत, १६ फेब्रुवारी १९३४ रोजी, ते स्वराज्य परत केले. सैन्य उतरले नव्हते, बंड झाले नव्हते. विधिमंडळाने स्वतःच ठराव करून स्वतःला कुलूप लावले. कारभार गव्हर्नर आणि लंडनने नेमलेले सहा आयुक्त यांच्या हाती गेला आणि पंधरा वर्षे तिथेच राहिला. निवडणूक नाही, विधिमंडळ नाही, विरोधी पक्ष नाही.

‘भ्रष्ट पुढारी आणि डोईजड कर्ज’ हे याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, अपुरे आहे. पुढारी इतरत्रही भ्रष्ट होते आणि त्या महामंदीत कर्जात बुडालेले देशही कमी नव्हते. तरी विधिमंडळ बंद होताना किनाऱ्यावरच्या शेकडो गावांत कोणाला फारसे दुःख झाले नाही, हे इथलेच वैशिष्ट्य. त्याचे कारण राजधानीत शोधून सापडत नाही. ते मासळीच्या धक्क्यावर, व्यापाऱ्याच्या चोपडीत सापडते.

हा देश होता तरी कुठे?

आज न्यूफाउंडलंड हा कॅनडाच्या एका प्रांताचा भाग आहे. त्याच्या आग्नेयेला समुद्रात ‘ग्रँड बँक्स’ नावाचा उथळ पट्टा आहे. थंड आणि उबदार प्रवाह तिथे एकत्र येतात आणि कॉड माशांचे थवे पोसले जातात. जॉन कॅबट १४९७ मध्ये या किनाऱ्याला लागला. १५८३ मध्ये हम्फ्री गिल्बर्टने सेंट जॉन्सच्या बंदरात इंग्लंडच्या राणीच्या नावाने ताबा सांगितला. ‘ब्रिटनची सर्वांत जुनी वसाहत’ हे बिरुद बेट मिरवते ते त्यावरून.

मात्र या वसाहतीत माणसे वसू नयेत, अशीच लंडनची बराच काळ इच्छा होती. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरून वसंतात जहाजे यायची, उन्हाळाभर मासे धरून, वाळवून शरदात परत जायची. या फेऱ्यांत तयार झालेले खलाशी आरमाराला उपयोगी पडत. बेटावर लोक कायमचे राहू लागले तर ही शाळा बंद पडेल, अशी भीती होती. त्यामुळे कारभारही हंगामी. मोसमात ज्या जहाजाचा कप्तान बंदरात पहिला पोहोचेल तो त्या बंदराचा ‘फिशिंग ॲडमिरल’. भांडणे तो सोडवणार, जागा तो वाटणार. १६९९ च्या कायद्याने या प्रथेवर शिक्काही मारला. न्यायाधीश आणि धंद्यातला स्पर्धक एकच माणूस असणे, हा प्रकार बेटाने इतक्या लवकर पाहिला.

लोक तरीही राहिलेच. पश्चिम इंग्लंड आणि आयर्लंडमधून आलेली कुटुंबे खाड्याखाड्यांत पसरली. त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. बेटावरचे मूळ रहिवासी बिओथक उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासे, सील, पक्ष्यांची अंडी यांवर जगत. किनारा गेला तसे ते आत ढकलले गेले. उपासमार, क्षय आणि वस्तीवाल्यांच्या बंदुका यांनी बाकीचे काम केले. शॉनॉडिथिट ही त्यांच्यातील शेवटची ज्ञात स्त्री १८२९ मध्ये सेंट जॉन्सला क्षयाने गेली.

चोपडीचे राज्य कसे चाले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटाच्या काठाने अशा हजारावर वस्त्या होत्या. त्यांना आउटपोर्ट म्हणत. काहींत दहा-बारा घरे, काहींत शंभर. रस्ता बहुतेक ठिकाणी नव्हताच. जायचे ते होडीने, आणि हिवाळ्यात खाडी गोठली की जायचेच नाही.

धंदा एकच. नुसते ‘फिश’ म्हटले की बेटावर त्याचा अर्थ कॉड. बाकीच्या माशांना त्यांच्या नावाने बोलवायचे. पुरुष पहाटे होडी काढत. मासे धक्क्यावर आले की घरातली बायका-मुले कामाला लागत. एकाने गळा चिरायचा, दुसऱ्याने डोके आणि आतडी काढायची, तिसऱ्याने कणा काढून मासा उघडायचा, चौथ्याने मिठात रचायचा. मीठ मुरले की धुऊन लाकडी मांडवांवर वाळत घालायचा. आपल्याकडे कोळीवाड्यात बोंबलांच्या वलांड्या असतात, तसे हे मांडव. फक्त इथे मासा लटकत नाही, आडवा पसरतो. सकाळी पसरायचा, संध्याकाळी गोळा करून ढीग झाकायचा, पावसाचा ढग दिसला की हातातले टाकून पळायचे. ऊन कमी पडले तर मासा चिकट, जास्त लागले तर करपलेला. मासा कोणत्या प्रतीचा निघणार हे बऱ्याच अंशी बायकांच्या या कामावर ठरे. त्याची वेगळी मजुरी त्यांना मिळत नसे.

आता व्यवहार. वसंतात कोळ्याकडे काही नसे. मीठ, दोर, गळ, जाळी, पीठ, काकवी, चहा, खारवलेले डुकराचे मांस हे सगळे व्यापारी उधारीवर देई. शरदात वाळलेला मासा त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत जाई. तिथे प्रत ठरवणारा माणूस प्रत्येक मासा हातात घेऊन पाही आणि ढीग वेगळे करी. चांगला माल स्पेन, पोर्तुगाल, ब्राझीलला. सर्वांत हलका वेस्ट इंडिजला. गुलामगिरीच्या काळात उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना तो खाऊ घालत. प्रत ठरवणारा पगार घेई व्यापाऱ्याचा. माशाचा भाव ठरवी व्यापारी. वसंतात दिलेल्या पिठाचा भावही तोच ठरवी, आणि तोही बहुधा हंगाम संपताना, म्हणजे पीठ खाऊन झाल्यावर. दोन्ही आकडे एका चोपडीत लिहिले जात. खाली बाकी उरली तर त्यातून हिवाळ्याचे सामान मिळे. तोट्यात गेले तर तोटा पुढच्या वर्षाच्या पानावर जाई.

या पद्धतीला ‘ट्रक’ म्हणत. गाडीशी त्याचा संबंध नाही, वस्तूच्या बदल्यात वस्तू असा त्याचा अर्थ. ऊसतोडणीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. रोख पैसा या व्यवहारात कुठेच येत नाही. आयुष्यभर मासे धरून वर्षाकाठी हातात एक डॉलरही न पडणारी घरे होती.

सगळा दोष व्यापाऱ्यावर ढकलणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. मासे आले नाहीत तर किंवा युरोपातला भाव पडला तर गावाला हिवाळ्यात खाऊ घालायची जबाबदारीही त्याच्यावरच येई, आणि कित्येक पेढ्या अशाच बुडाल्या. तो स्वतः सेंट जॉन्सच्या मोठ्या पेढीचा ऋणको असे. ती पेढी बँकेची. १० डिसेंबर १८९४ रोजी, ज्याला तिथे ‘काळा सोमवार’ म्हणतात, बेटावरच्या दोन्ही व्यापारी बँका एका दिवसात बुडाल्या आणि त्यांच्या नोटा हाती असलेल्यांकडे कागद उरले. साखळीची सर्वांत वरची कडीही इतकी कच्ची होती.

मत होते, मग सत्ता का नव्हती?

कागदावर बेटाची प्रगती चांगली होती. १८३२ मध्ये निवडून आलेले सभागृह मिळाले, १८५५ मध्ये जबाबदार सरकार. १८६९ च्या निवडणुकीत मतदारांनी कॅनडात सामील व्हायला साफ नकार दिला. १९२५ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण पुरुषाला एकविसाव्या वर्षी मत तर बाईला पंचविसाव्या.

नसलेली गोष्ट होती ती गावची पंचायत. सेंट जॉन्सला १८८८ मध्ये नगरपालिका मिळाली. त्या शहराबाहेर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत एकही निवडून आलेली नगरपालिका नव्हती. विहीर कुठे खणायची, धक्का कोणी दुरुस्त करायचा, शाळेचे छप्पर गळते आहे त्याचे काय, यातले काहीही गावाने एकत्र बसून ठरवायचे आणि त्यासाठी वर्गणी किंवा कर गोळा करायचा, ही सवयच लागली नाही.

लोकांना करही नको होता, आणि त्यामागे तर्क होता. ज्याच्या हातात रोकड येत नाही तो घरपट्टी कशातून देणार? म्हणून सरकार चाले ते मुख्यतः आयात शुल्कावर. पीठ, काकवी, चहा, कापड, दोर, सगळे बाहेरून येई आणि बंदरातच त्यावर शुल्क बसे. म्हणजे कर गरीबच भरत होता, फक्त पिठाच्या किमतीत मिसळून. आपण सरकारला किती देतो हे त्याला दिसत नसे. मग त्याचा हिशेब मागायचे सुचणार कुठून?

पैसा परत येई तो आमदारामार्फत. मतदारसंघातल्या धक्क्याला, पायवाटेला, पुलाला सरकारी रक्कम मिळे आणि ती कोणाच्या हाताला काम देऊन खर्च करायची हे आमदार ठरवी. व्यापाऱ्याने पीठ दिले, आमदाराने काम दिले. दोघांचेही देणे लागायचे. शाळा तर सरकारच्याही नव्हत्या, त्या चर्चच्या. १८४३ च्या कायद्याने शाळांचा पैसा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा वाटला, १८७४ नंतर प्रोटेस्टंटांतही पंथवार तुकडे पडले. मंत्रिपदे आणि नोकऱ्याही पंथांच्या प्रमाणात वाटायची प्रथा रुळली. तंटे थांबवण्यासाठी ही तडजोड उपयोगी होती हे मान्य करायला हवे. पण तिचा परिणाम असा की एका खाडीच्या दोन काठांवरच्या, एकाच व्यापाऱ्याचे देणे असलेल्या दोन गावांना एकत्र यायला जागाच उरली नाही.

एकदा ती जागा तयार झाली होती. १९०८ मध्ये विल्यम कोकर यांनी ‘फिशरमेन्स प्रोटेक्टिव्ह युनियन’ स्थापन केली. युनियनने स्वतःची दुकाने काढली, रोखीने मासा घेतला, वर्तमानपत्र चालवले, ‘पोर्ट युनियन’ नावाचे गाव उभे केले. माशाची प्रत ठरवणारा माणूस सरकारी असावा, गावोगाव शाळा असाव्यात, म्हाताऱ्यांना पेन्शन असावी, अशा तिच्या मागण्या होत्या. १९१३ मध्ये तिचे आठ उमेदवार निवडून आले. पण कॅथलिक चर्चने विरोध केला आणि युनियन मुख्यतः ईशान्येकडच्या प्रोटेस्टंट किनाऱ्यापुरती राहिली. पुढे कोकर मंत्री झाले आणि माशांच्या निर्यातीवर शिस्त आणणारे नियम त्यांनी केले. निर्यातदारांनी ते मोडून काढले. १९२१ मध्ये नियम रद्द झाले. खालून वर जाणारे राजकारण बेटावर उभे राहण्याची ती सर्वांत मोठी संधी होती. ती वाया गेली, आणि त्यात युनियनच्या पुढाऱ्यांचा सत्तेशी झालेला घरोबाही आलाच.

कर्ज कशाचे होते?

दोन मोठ्या गोष्टींचे. पहिली रेल्वे. बेट ओलांडणारा लोहमार्ग १८९८ मध्ये पूर्ण झाला. लोक राहत होते किनाऱ्यावर आणि गाडी धावत होती मधल्या जंगलातून. ती तोट्यात चालली आणि १९२३ मध्ये सरकारच्या गळ्यात पडली.

दुसरी गोष्ट पहिले महायुद्ध. बेटाने स्वतःची रेजिमेंट उभी केली, तीही मुख्यतः कर्जावर. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील बोमाँ-हामेल इथे या रेजिमेंटचे सुमारे ८०० जवान खंदकातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी हजेरीला उभे राहिले ६८. या जवानांच्या पेन्शनचा आणि युद्धकर्जाच्या व्याजाचा बोजा तीन लाखांहून कमी वस्तीच्या देशावर राहिला. साम्राज्यासाठी केलेला हा खर्च पुढे ‘उधळपट्टी’च्या खात्यात मोजला गेला, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

मग महामंदी आली. खाऱ्या माशाचा भाव कोसळला. १९३३ पर्यंत कर्ज दहा कोटी डॉलरच्या घरात गेले आणि महसुलातील साठ टक्क्यांहून अधिक रक्कम नुसत्या व्याजात जाऊ लागली. लॅब्राडोरचा विशाल प्रदेश कॅनडाला विकायचाही प्रयत्न झाला. कॅनडाने घेतला नाही. इकडे पाव लोकसंख्या सरकारी शिध्यावर आली. तो रोखीत मिळत नसे. व्यापाऱ्याच्या दुकानात चालणारी चिठ्ठी मिळे, माणशी महिन्याला जास्तीत जास्त १ डॉलर ८० सेंटची, म्हणजे दिवसाला सहा सेंट.

१९३२ च्या दंग्यानंतर काय झाले?

फेब्रुवारी १९३२ मध्ये अर्थमंत्री पीटर कॅशिन यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान रिचर्ड स्क्वायर्स यांनी मंत्रिमंडळाच्या इतिवृत्तात फेरफार केल्याचा आरोप केला. ५ एप्रिलला हजारोंचा मोर्चा विधिमंडळावर गेला. दगडफेक झाली, इमारतीची नासधूस झाली, पंतप्रधान कसेबसे निसटले. जूनमध्ये त्यांचा पक्ष निवडणुकीत धुऊन निघाला. फ्रेडरिक ऑल्डरडाइस पंतप्रधान झाले. काही वर्षे निवडून आलेल्या सरकारऐवजी आयोगाने कारभार पाहावा का, याचा विचार करू, पण लोकांना विचारल्याशिवाय काही करणार नाही, असे त्यांनी प्रचारात सांगितले होते.

लोकांना विचारले गेले नाही. व्याजाचा हप्ता चुकायची वेळ आली, तेव्हा ब्रिटन आणि कॅनडाने मदत दिली ती चौकशी आयोगाच्या अटीवर. लॉर्ड ॲमुल्री यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९३३ च्या शरदात अहवाल दिला. दोष मुख्यतः पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर आणि लोकांच्या लाचार सवयीवर ठेवला. उपाय सुचवला तो बेटाला काही काळ राजकारणापासून विश्रांती देण्याचा. अहवालाने ट्रक पद्धतीवर टीका केली नाही असे नाही, पण तिचा आणि मतपेटीचा संबंध जोडला नाही. माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या चोपडीवर जगत असेल आणि गावात ठरवायला काहीच हाती नसेल, तर तो आमदाराकडून एक दिवसाचे काम मागणार, धोरण नाही. अहवालाने रोगाला स्वभाव म्हटले.

शिवाय एक प्रश्न कायम राहतो. कर्जाची पुनर्रचना करणे किंवा हप्ते थांबवणे हा मार्ग त्या काळी अनेक देशांनी पत्करला. न्यूफाउंडलंडला तो मिळाला नाही, कारण एका डोमिनियनने हप्ता चुकवला तर साम्राज्यातल्या सगळ्यांच्या पतीला धक्का बसेल, अशी लंडनची भीती होती. शेवटी कर्ज ब्रिटनच्या हमीवर कमी व्याजात बदलून दिलेच. फरक इतकाच की तोपर्यंत विधिमंडळ गहाण पडले होते. रोखे सांभाळायला लोकशाही दिली गेली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

आयोगाचा कारभार कसा होता?

सहा आयुक्त, तीन ब्रिटिश, तीन स्थानिक. नैसर्गिक साधनसंपत्तीचे खाते, म्हणजे मासेमारी, जंगल, शेती, ज्यांच्याकडे आले ते सर जॉन होप सिम्प्सन भारतीय सनदी सेवेत कारकीर्द केलेले. १९३० मध्ये पॅलेस्टाइनवरचा प्रसिद्ध अहवाल लिहिणारेही हेच. भारतातला जिल्हाधिकारी आणि बेटावरचा आयुक्त यांच्यात मनाने फार अंतर नव्हते. कळकळ खरी, मेहनत खरी, आणि रयतेचे हित रयतेपेक्षा आपल्याला जास्त कळते ही खात्रीही तितकीच खरी.

आयोगाने केलेली कामे टाकाऊ नव्हती. १९३५ मध्ये रेंजर दल उभे राहिले. दूरच्या खाडीत सरकार प्रथमच माणसाच्या रूपात दिसू लागले. शिध्याच्या अर्जापासून शिकारीच्या नियमांपर्यंत सगळे तोच रेंजर पाही. १९३६ पासून किनाऱ्यावर छोटी रुग्णालये निघाली, कुटुंबाने वर्षाला ठरावीक वर्गणी द्यायची आणि उपचार घ्यायचे. ज्या गावात डॉक्टर कधी आलाच नव्हता, तिथल्या बाईला विधिमंडळ मोलाचे की दवाखाना, असे विचारले असते तर उत्तर काय आले असते हे सांगायला नको.

पण पिठाची गोष्ट बघा. पांढऱ्या पिठावर आणि चहावर जगणाऱ्या लोकांत बेरीबेरी पसरली होती. जीवनसत्त्वासाठी आयोगाने शिध्यात कोंड्यासह तपकिरी पीठ द्यायला सुरुवात केली. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय अचूक. लोकांनी मात्र त्याचा मनापासून द्वेष केला. तपकिरी पीठ म्हणजे घर शिध्यावर आहे याची शेजाऱ्यापाजाऱ्यांत दवंडी. गावातल्या चार बायकांना आधी विचारले असते तर कदाचित वाट निघाली असती. विचारायची यंत्रणाच शिल्लक नव्हती. मे १९३५ मध्ये सेंट जॉन्सला बेकार पुन्हा रस्त्यावर आले, तेव्हा त्यांचे म्हणणे मांडणारा निवडून आलेला एकही माणूस देशात नव्हता.

मग लोकशाही परत कशी आली?

रोख पैशामागोमाग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बेटावर तळ बांधले. सेंट जॉन्स, अर्जेंशिया, स्टीफनव्हिल. कॅनडानेही बांधले. १९४२ च्या सुमारास ऐन बांधकामात वीस हजारांच्या आसपास माणसे तिथे मजुरीला होती. आठवड्याला पगार, तोही नोटांत. वखारीतला हिशेब एका हंगामात फिका पडला. अमेरिकनांनी मजुरी स्थानिक दरांपेक्षा फार वर नेऊ नये, अशी गळ आयोगानेच घातली होती, हे इथे नोंदवायला हवे. सरकारी तिजोरीत शिल्लक पडू लागली आणि दिवाळखोर म्हणून हिणवलेल्या बेटाने ब्रिटनला बिनव्याजी कर्ज दिले.

पैसा असताना स्वराज्य का नको, हा प्रश्न मग टाळता येईना. जून १९४६ मध्ये ४५ जणांचे राष्ट्रीय अधिवेशन निवडले गेले. अट अशी की उमेदवार त्याच मतदारसंघात राहणारा हवा. पूर्वी सेंट जॉन्सचे वकील-व्यापारी खाड्यांचे प्रतिनिधी होत. आता खाडीतला माणूस खाडीसाठी बोलू लागला. आणि चर्चा रेडिओवरून घरोघर ऐकू गेल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीही सरकारी जमाखर्च पहिल्यांदा ऐकला. याच रेडिओवर आधी लोककथा-किस्से सांगून घरोघर पोहोचलेले आणि नंतर गँडरला डुकरे पाळणारे जोसेफ स्मॉलवुड कॅनडात विलीन होण्याच्या बाजूचे मुख्य वक्ते ठरले. विलीनीकरणाचा पर्याय मतपत्रिकेवर नको, असा कौल अधिवेशनाने दिला होता. लंडनने तो तरीही घातला.

३ जून १९४८ च्या सार्वमतात जबाबदार सरकारला ४४.५५ टक्के, विलीनीकरणाला ४१.१३ टक्के आणि आहे तो आयोगच राहू द्या, या पर्यायाला १४.३२ टक्के मते मिळाली. चौदा वर्षांच्या निवडणूकविरहित कारभारानंतरही सातातल्या एकाला तो पुढे हवा होता. २२ जुलैच्या दुसऱ्या फेरीत विलीनीकरण ५२.३४ टक्क्यांनी जिंकले.

या निकालाचा नकाशा पाहण्यासारखा आहे. सेंट जॉन्स आणि भोवतालचा ॲव्हलॉन द्वीपकल्प स्वतंत्र सरकारच्या बाजूने गेला. पेढ्या, वकील, नगरपालिका, वर्तमानपत्रे आणि रोखीतले पगार तिथे होते. कॅथलिक वस्तीही तिथे जास्त होती आणि धर्माचा हिशेबही मतदानात होताच. बाकीचा किनारा, म्हणजे चोपडीचा प्रदेश, कॅनडाकडे गेला. स्मॉलवुड यांच्या प्रचारात तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती : कॅनडात सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दरमहा भत्ता मिळतो, तो चेकने मिळतो आणि चेक आईच्या नावावर निघतो.

३१ मार्च १९४९ रोजी मध्यरात्रीच्या काही क्षण आधी न्यूफाउंडलंड कॅनडाचा दहावा प्रांत झाला. वसंत लागत होता. व्यापाऱ्याकडे मीठ आणि दोर मागायला जायचे तेच हे दिवस. त्या वर्षी खाडीकाठच्या घरांत आईच्या नावाने चेक यायला सुरुवात झाली.